रंग सर्वांत शेवटी : लुइस बारागान यांच्या राहत्या घराचा प्रकरण अभ्यास

मेक्सिको शहराच्या जुन्या ताकुबाया भागात जनरल फ्रान्सिस्को रामिरेस नावाचा एक साधा रस्ता आहे. तिथल्या १२ आणि १४ क्रमांकांच्या दारांसमोर उभे राहिले, तर रंगाच्या वापरासाठी जगभर ज्यांचे नाव घेतले जाते त्या वास्तुरचनाकाराचे हे राहते घर असेल, अशी शंकाही येत नाही. समोरची भिंत करड्या गिलाव्याची आहे. तिच्यावर नक्षी नाही, खिडक्या मोजक्या आहेत, आणि आजूबाजूच्या सामान्य घरांपेक्षा उठून दिसण्याचा तिने मुळी प्रयत्नच केलेला नाही. लुइस बारागान यांनी हे घर १९४८ साली पुरे केले आणि १९८८ साली निधन होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, ते याच घरात राहिले. २००४ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

घर सजवताना रंग किती वापरावा, हा आपल्याकडे आवडीनिवडीचा प्रश्न मानला जातो. एखाद्याला भडक रंग आवडतात, एखाद्याला फिके आवडतात आणि तिथे चर्चा संपते. बारागान यांच्या घराचा बारकाईने विचार केला, तर हा प्रश्न आवडीचा कमी आणि क्रमाचा व जागेचा अधिक आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. रंग कधी ठरवला आणि घराच्या नेमक्या कोणत्या जागी ठेवला, या दोन गोष्टींवर घराचा तोल अवलंबून असतो. हे घर रंगीत म्हणून ओळखले जाते, पण त्याच्या बहुतेक भिंती पांढऱ्या आहेत. हा विरोधाभास समजून घेणे, हाच या अभ्यासाचा विषय आहे.

घर बांधले गेले ती परिस्थिती

बारागान यांचा जन्म १९०२ साली ग्वादालाहारा इथे झाला आणि शिक्षण अभियांत्रिकीचे झाले. विशीत असताना त्यांनी युरोपचा प्रवास केला. स्पेनमधल्या ग्रानादाचा अलहाम्ब्रा राजवाडा आणि फेर्दिनां बाक या फ्रेंच चित्रकार-लेखकाची उद्यानांविषयीची कल्पना, या दोन गोष्टींचा ठसा त्यांच्यावर कायमचा उमटला. १९३०च्या दशकाच्या मध्यास ते मेक्सिको शहरात आले आणि काही वर्षे त्यांनी त्या काळच्या युरोपीय पद्धतीच्या सरळ रेषांच्या इमारती बांधल्या. पुढे ते त्या कामापासून दूर झाले आणि बागा व जमिनी यांच्याकडे वळले. १९४५च्या सुमारास शहराच्या दक्षिणेला, शितले ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्हावर, त्यांनी एल पेद्रेगाल या वसाहतीची आखणी सुरू केली. त्यांच्या घरातल्या काळ्या दगडाच्या फरश्या आणि जिना पाहताना त्या लाव्हाची आठवण ठेवावी लागते.

आपले घर बांधायला घेतले तेव्हा ते पंचेचाळिशीचे होते, अविवाहित होते आणि आर्थिकदृष्ट्या सुस्थितीत होते. घरमालकही तेच आणि रचनाकारही तेच. त्यामुळे कोणाला ताबा द्यायची घाई नव्हती, आणि एकदा घेतलेला निर्णय बदलण्याची परवानगी कोणाकडे मागायची नव्हती. घर मोठे आहे. तळमजला आणि वर दोन मजले अशी त्याची मांडणी असून १२ क्रमांकाच्या दारामागे त्यांचे काम करण्याचे दालन, तर १४ क्रमांकामागे राहण्याचा भाग आहे. ही सर्व अनुकूलता सामान्य कुटुंबाच्या वाट्याला येत नाही. तिचा परिणाम पुढे लक्षात घ्यावाच लागेल.

पहिली वीस पावले

या घराचा गाभा त्याच्या प्रवेशात आहे, म्हणून तिथे मी मुद्दाम अधिक वेळ थांबणार आहे.

रस्त्यावरचे दार उघडून आत गेल्यावर लगेच घर भेटत नाही. भेटते ती एक अरुंद, अंधुक, बोळासारखी जागा. स्पॅनिश परंपरेच्या घरांत अशा जागेला 'साग्वान' म्हणतात. आपल्याकडच्या वाड्याची देवडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे काम वेगळे समजावून सांगायला नको. बाहेरच्या माणसाला थोडे थांबवणे, रस्त्याची धूळ आणि गडबड बाहेर ठेवणे आणि आतल्या चौकाची उत्सुकता निर्माण करणे, हे तिचे काम असते. बारागान यांच्या या देवडीत फरशी ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची आहे, बाजूला बसण्यासाठी लाकडी बाक आहे, आणि वरून येणारा उजेड पिवळ्या रंगवलेल्या काचेतून येतो. भिंतीला पिवळा रंग न देता त्यांनी उजेडालाच पिवळे केले आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. रंगवलेली भिंत डोळ्यांसमोर एका बाजूला उभी राहते, तर रंगलेला उजेड माणसाच्या हातांवर, कपड्यांवर, बाकाच्या कडेवर, सगळीकडे पसरतो.

या जागेत क्षणभर थांबले की डोळे तिच्या पिवळेपणाला सरावतात. मानवी डोळ्याची ही सहज प्रवृत्ती आहे. ज्या रंगाचा उजेड सतत समोर असतो त्याची जाणीव हळूहळू बोथट होते आणि त्यानंतर दिसणाऱ्या गोष्टींत विरुद्ध बाजूचा रंग किंचित अधिक जाणवतो. बारागान यांच्या घरात या सरावलेल्या डोळ्यांनी माणूस पुढचे दार उघडतो आणि एकदम उंच, उजळ अशा जिन्याच्या दालनात येतो. इथे एक भिंत गडद गुलाबी आहे. बोगनवेलीच्या फुलांचा हा रंग मेक्सिकोत घरोघरी ओळखीचा आहे आणि आपल्याकडे साड्यांच्या दुकानात त्याला राणी रंग म्हणतात. उरलेल्या भिंती पांढऱ्या आहेत, आणि फरशी व जिना पुन्हा त्याच काळ्या दगडाचे आहेत. जिन्याला कठडा नाही, त्यामुळे काळ्या पायऱ्यांची रेषा पांढऱ्या भिंतीवर स्वच्छ उमटते. जिन्याच्या वळणावर माथियास गोएरित्झ या शिल्पकार-चित्रकाराने केलेला सोनेरी मुलाम्याचा चौकोनी फलक लावला आहे. वरच्या खिडकीचा उजेड त्या फलकावर पडतो आणि सोनेरी होऊन दालनात परत येतो.

या दालनात रंगवलेली भिंत एकच आहे, पण रंग मात्र सर्व भिंतींवर आहे. गुलाबी भिंतीवर पडलेला उजेड परावर्तित होताना आपल्याबरोबर गुलाबी छटा घेऊन जातो आणि शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर ती सांडतो. सोन्याचा फलक निळसर किरण बहुतांशी शोषून घेतो आणि पिवळे-तांबडे परत पाठवतो, म्हणून जिन्याच्या वळणावरचा पांढरा रंग उबदार दिसतो. सकाळी आणि दुपारी ही छटा बदलते, ढगाळ दिवशी जवळजवळ नाहीशी होते. पांढऱ्या भिंती इथे रिकाम्या राहिलेल्या नाहीत. दिवसभर बदलत्या छटा टिपून घेण्यासाठी त्या मोकळ्या ठेवल्या आहेत. चारही भिंतींना चार रंग दिले असते, तर प्रत्येकाने दुसऱ्याची छटा मळवली असती आणि यातले काहीच दिसले नसते.

गिलावा खरबरीत आहे, हीही दुय्यम बाब नाही. चकचकीत रंगावर खिडकीचे प्रतिबिंब उमटते, तिथे रंग पुसला जातो आणि पांढरा डाग दिसतो. खरबरीत, चकाकी नसलेल्या पृष्ठभागावर उजेड सर्व दिशांना विखुरतो आणि रंग कोणत्याही कोनातून तेवढाच खोल दिसतो. गडद रंग भडक वाटतो तेव्हा पुष्कळदा दोष रंगाचा नसून त्याच्या चकाकीचा असतो, असे मला वाटते.

जिथे बसायचे, तिथे

या दालनातून बैठकीच्या मोठ्या खोलीत गेल्यावर रंग मागे राहतो. ही खोली उंच आहे, भिंती पांढऱ्या आहेत, जमीन पाइनच्या फळ्यांची आहे आणि छताला पाइनच्याच तुळया आहेत. बागेच्या बाजूची संपूर्ण भिंत जणू एकच काच आहे. तिला क्रुसाच्या आकाराचा एक बारीक आधार आहे, पण काचेच्या कडा भिंतीत, जमिनीत व छतात अशा बुडवल्या आहेत की चौकट दिसतच नाही, आणि खोलीतली फळ्यांची जमीन थेट हिरवळीत गेल्यासारखी वाटते. या खोलीचा सर्वांत मोठा रंग हिरवा आहे आणि तो बाहेरून येतो. सुरुवातीला ही बाग मोकळ्या हिरवळीची होती. पुढे बारागान यांनी ती दाट वाढू दिली, तसा खोलीतला उजेडही अधिक हिरवा आणि अधिक मंद होत गेला.

त्याच जागेच्या दुसऱ्या टोकाला ग्रंथालय आहे. मधली विभागणी पूर्ण उंचीच्या भिंतींनी न करता ठेंगण्या भिंती आणि घडीचे पडदे यांनी केली आहे, त्यामुळे छत अखंड राहते आणि माणसाला मात्र आडोसा मिळतो. ग्रंथालयातून वरच्या पोटमाळ्याकडे जाणारा जिना पाइनच्या जाड फळ्यांचा असून तो एका बाजूने भिंतीत रोवलेला आहे, दुसऱ्या बाजूला त्याला आधारही नाही आणि कठडाही नाही. आसने, मेज, गालिचे, सर्व काही लाकूड, चामडे आणि जाड विणीची लोकर यांच्या मूळ रंगांत आहे. क्युबात जन्मलेल्या आणि मेक्सिकोत काम केलेल्या क्लारा पोर्सेत यांच्याबरोबर बारागान यांनी फर्निचरवर काम केले. त्या फर्निचरला स्थानिक सुतारकामाचा वास आहे, दिखाऊपणाचा मागमूसही नाही.

बैठकीत चित्रकार जोसेफ आल्बर्स यांच्या चौकोनांच्या प्रसिद्ध मालिकेतल्या एका पिवळ्या चित्राची प्रत लावलेली आहे. आल्बर्स यांनी ही मालिका १९५० साली सुरू केली. चौकोनात चौकोन बसवून, एकच रंग शेजार बदलला की कसा वेगळा दिसतो, हे ते पुढची पंचवीसेक वर्षे तपासत राहिले. बारागान यांनी हेच चित्र ठेवावे, हे मला अर्थपूर्ण वाटते. ज्या खोलीच्या भिंतींना त्यांनी रंग दिला नाही, तिथे रंगाच्या स्वभावाचा अभ्यास मांडणारी एक वस्तू ठेवली. संपूर्ण पिवळ्या भिंतीने जे केले असते, ते इथे हाताच्या पसाऱ्याएवढा पिवळा तुकडा करतो, आणि नको झाला तर तो काढूनही ठेवता येतो.

देवडी, जिना आणि गच्ची या जागांतून माणूस जातो. बैठक, ग्रंथालय आणि झोपण्याच्या खोल्या या जागांत माणूस राहतो. गडद रंग जाण्याच्या जागांना मिळाला आहे, आणि राहण्याच्या जागांना लाकूड, चुन्यासारखा पांढरा रंग आणि बाग मिळाली आहे. बारागान यांनी हा नियम म्हणून कुठे लिहून ठेवला होता असा माझा दावा नाही, पण घराच्या मांडणीत तो स्पष्ट वाचता येतो. गडद रंगाचा परिणाम पहिल्या काही क्षणांत सर्वांत तीव्र असतो, आणि त्या क्षणांनंतर डोळा सरावतो किंवा थकतो. जिथे माणूस काही क्षणच थांबणार आहे तिथे तो रंग पूर्ण ताकदीने भेटतो. जिथे त्याला तीन तास बसून वाचायचे आहे, तिथे तोच रंग पुस्तकाच्या पानावर गुलाबी छटा टाकून त्रास देईल.

संध्याकाळनंतर हेच धोरण दिव्यांच्या बाबतीत दिसते. संपूर्ण खोली एकसारखी उजळणारा छताचा दिवा त्यांना नको होता, म्हणून मेजावरचे आणि जमिनीवर उभे केलेले दिवे वापरून त्यांनी जिथे काम आहे तिथेच उजेड ठेवला. पाहुण्यांच्या खोलीतल्या खिडकीची झडप चार भागांत उघडते. चारही भाग किंचित उघडे ठेवले की भिंतीवर उजेडाचा क्रूस उमटतो. बारागान श्रद्धाळू कॅथलिक होते, आणि त्या खोलीला भिंतीवर टांगलेल्या शोभेच्या वस्तूची गरज उरत नाही.

पुठ्ठे

आता क्रमाविषयी. या घरातली माझ्या मते सर्वांत अनुकरणीय गोष्ट कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही.

बारागान यांनी आपल्या पद्धतीविषयी सांगितले आहे की, रंग ते बहुधा जागा बांधून झाल्यावर ठरवत. बांधून झालेल्या जागेत ते दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा जात आणि तिथे रंगाची कल्पना करत. मग चित्रांच्या पुस्तकांकडे वळत. जॉर्जो दे किरिको, रेने माग्रित अशा चित्रकारांची आणि विशेषतः चुचो रेयेस या आपल्या मित्राची चित्रे ते पाहत. त्यातून एखादा रंग मनात आला की रंगाऱ्याला सांगून तो मोठ्या पुठ्ठ्यावर लावून घेत. असे पुठ्ठे भिंतींना टेकवून ते दिवसचे दिवस ठेवत, त्यांच्या जागा बदलत, एकमेकांशेजारी आणून पाहत, आणि शेवटी एकाची निवड करत.

चुचो रेयेस, म्हणजे हेसुस रेयेस फेरेइरा, हेही मूळचे ग्वादालाहाराचे. जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे हे गृहस्थ पतंगाच्या कागदासारख्या पातळ कागदावर कोंबडे, घोडे, फुले असे विषय झळझळीत रंगांत रंगवत. मेक्सिकोच्या बाजारातल्या, जत्रांतल्या, मिठाईच्या कागदांतल्या रंगांकडे गंभीरपणे पाहण्याची दृष्टी बारागान यांना त्यांच्याकडून मिळाली. या घरातला गुलाबी रंग परदेशी मासिकातून आलेला नाही. तो रस्त्यावरच्या बोगनवेलीतून आणि बाजारातल्या कागदातून आला आहे, म्हणून तो कितीही गडद असला तरी तिथे उपरा वाटत नाही.

पुठ्ठ्यांच्या पद्धतीत जो संयम आहे तो रंगाच्या प्रमाणात नाही, वेळेत आहे. त्यांनी निर्णय लांबणीवर टाकला, आणि तो लांबवण्याची किंमत फक्त काही पुठ्ठे आणि थोडा रंग एवढीच होती. आपल्याकडे नेमके उलटे घडते. पुट्टीचा हात वाळण्याआधी शेड कार्ड समोर येते, त्यावरच्या दोन बोटे रुंद चौकटींपैकी एकीवर बोट ठेवायला सांगितले जाते, आणि तीही ट्यूबलाइटखाली, दुकानाच्या काउंटरवर. एवढ्या लहान चौकटीतला रंग दहा फुटी भिंतीवर गेल्यावर पुष्कळ अधिक गडद वाटतो, हा रंगाऱ्यांचा रोजचा अनुभव आहे. त्यातून 'हायलाइट वॉल' नावाची एक भिंत जन्माला येते. ती कुठल्या खिडकीचा उजेड घेते, समोर बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय टाकते, याचा विचार कोणी केलेला नसतो. टीव्ही ज्या भिंतीवर, रंगही त्याच भिंतीवर, एवढाच तिचा हिशेब असतो. मला ही पद्धत खेदाची वाटते, कारण यात पैसा पूर्ण खर्च होतो आणि रंगाचा आनंद मात्र महिन्याभरात विटतो.

गच्ची आणि बदलते निर्णय

या घराच्या गच्चीवर उंच भिंती आहेत, वर आकाश आहे आणि खाली मातीच्या लाद्या आहेत, एवढेच. सुरुवातीला इथून बागेकडे पाहता येत असे. पुढे बारागान यांनी भिंती उंच करत नेल्या आणि बाहेरचे सर्व दृश्य बंद केले. पांढरा, गुलाबी, विटकरी अशा रंगांच्या या भिंतींचे रंगही काळाच्या ओघात बदलत गेले. आपले घर त्यांनी प्रयोगशाळेसारखे वापरले. चुकलेले वाटले ते त्यांनी पुन्हा केले. जगाला जे रूप आज पूर्ण आणि अटळ वाटते, ते चाळीस वर्षांच्या दुरुस्त्यांतून घडले आहे. रंग ही घरातली सर्वांत सहज बदलता येणारी गोष्ट आहे, आणि तिचा हा गुण त्यांनी पुरेपूर वापरला. त्याउलट दगड, लाकूड, खिडकीचे माप या बदलायला महाग असलेल्या गोष्टी त्यांनी आधीच अशा शांत ठेवल्या होत्या की कोणताही रंग त्यांच्याशी जुळला असता. सजावटीत जे बदलता येत नाही ते तटस्थ असावे आणि जे बदलता येते त्यात धाडस करावे, ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. रंगीत फरशी, रंगीत ओटा आणि रंगीत बाथरूमच्या टाइल्स एकदा बसवल्या की पुढची वीस वर्षे प्रत्येक रंगाऱ्याचे हात बांधले जातात.

या प्रकरणाच्या मर्यादा

या घराविषयी आदर बाळगूनही काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. कठड्याविना जिने लहान मुले किंवा वृद्ध आईवडील असलेल्या घरात चालणार नाहीत. आज जे छायाचित्रकार त्या पाइनच्या पायऱ्यांची नक्कल घरी करून घेण्याचा मोह निर्माण करतात, त्यांनी हे लक्षात आणून द्यायला हवे. मोकळ्या पांढऱ्या भिंतींच्या मागे नोकरचाकर, मोठी साठवणीची जागा आणि एकट्या माणसाचा संसार होता. सहा माणसांच्या घरात गाद्या, पिठाचे डबे, शाळेची दप्तरे आणि देवघर यांना जागा द्यावी लागते. ती जागा बंद कपाटांत नीट मिळाली नाही, तर भिंती कितीही पांढऱ्या ठेवल्या तरी खोली शांत होत नाही. साडेपाचशे चौरस फुटांच्या सदनिकेत देवडी आणि जिन्याचे दालन कुठून आणायचे, हा प्रश्नही रास्त आहे.

आणखी एक मर्यादा या घराच्या कीर्तीतून आली आहे. १९७६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने बारागान यांच्या कामाचे प्रदर्शन भरवले, १९८० साली त्यांना वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून त्यांच्या गुलाबी भिंतींची छायाचित्रे जगभर फिरत आहेत. छायाचित्रात गुलाबी भिंत येते, पण तिच्याआधीची काळोखी देवडी आणि तिच्यानंतरची पांढरी बैठक येत नाही. परिणामी नक्कल होते ती भिंतीची, क्रमाची होत नाही. पुरस्कार स्वीकारतानाच्या भाषणात स्वतः बारागान यांनी सौंदर्य, शांतता, मौन असे शब्द वास्तुकलेच्या प्रकाशनांतून नाहीसे होत चालल्याची खंत व्यक्त केली होती, आणि घरात शांततेला कायमचा मुक्काम मिळवून देणे हे रचनाकाराचे कर्तव्य असल्याचे सांगितले होते. त्यांच्या रंगांकडे या अपेक्षेच्या उजेडात पाहिले नाही, तर हाती फक्त एक शेड क्रमांक राहतो.

याचा पडताळा त्यांच्या उत्तरायुष्यातल्या एका कामात मिळतो. १९७६च्या सुमारास मेक्सिको शहरातच पूर्ण झालेल्या गिलार्दी यांच्या घरात त्यांनी निळा, तांबडा, पिवळा आणि गुलाबी असे सर्व रंग वापरले. प्लॉटवर असलेले जकरंदाचे झाड त्यांनी तोडू दिले नाही, त्याच्याभोवती अंगण ठेवून घर मांडले. पण याही घरात पिवळा उजेड भेटतो तो लांब बोळात, आणि निळ्या-तांबड्या भिंती भेटतात त्या बोळाच्या शेवटी, पोहण्याच्या पाण्याजवळ. तिथे ऊन छतातून उतरून पाण्यावर पडते. रंग वाढले, तरी त्यांच्या जागा निवडण्यातली काटेकोर शिस्त तशीच राहिली.

आपल्या घरात

मेक्सिको शहर उत्तर अक्षांश १९.४ अंशांवर आहे आणि मुंबई १९.१ अंशांवर. ताकुबायातल्या भिंतीवर सूर्य ज्या कोनातून चढतो आणि उतरतो, जवळजवळ त्याच कोनातून तो ठाणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे या पट्ट्यातल्या भिंतींवर येतो. हवामान वेगळे आहे, कारण मेक्सिको शहर सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा विरळ व कोरडी आहे. पण उन्हाची भूमिती एकच आहे, आणि युरोपातल्या मंद, तिरप्या उजेडासाठी निवडलेले करडे-निळे रंग आपल्याकडे का मलूल वाटतात, याचे एक कारण तिथे सापडते.

लहान सदनिकेतही जाण्याच्या जागा असतात, फक्त त्यांच्याकडे जागा म्हणून पाहिले जात नाही. मुख्य दाराच्या आतली चपला काढण्याची चार फूट जागा, बैठकीतून झोपण्याच्या खोल्यांकडे नेणारा बोळ, दाराच्या चौकटीची आतली कड, खिडकीच्या चौकटीभोवतीची आतली बाजू, बाल्कनीची आतली बाजू, या त्या जागा आहेत. राणी रंग, हळदी पिवळा, गेरू, असे आपल्या परिचयाचे पण मोठ्या भिंतीवर लावायला भीती वाटणारे रंग इथे पूर्ण ताकदीने देता येतात, कारण त्यांच्यासमोर कोणी तासभर बसत नाही. बैठकीला आणि झोपण्याच्या खोलीला चकाकी नसलेला, किंचित उबदार पांढरा रंग पुरतो. स्वयंपाकघरात अन्नाचा रंग खरा दिसायला हवा, म्हणून ओट्यासमोरच्या भिंतीवर गडद हिरवा किंवा निळा रंग मी सुचवणार नाही. वरणाचा पिवळेपणा त्या उजेडात मरतो.

आणि पुठ्ठे. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्याचा तीन-चार फुटी पुठ्ठा घ्यावा, त्यावर आधी प्रायमर आणि मग हव्या त्या रंगाचे दोन हात मारून घ्यावेत, आणि भिंतीला टेकवून निदान आठ दिवस ठेवावा. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी, संध्याकाळी दिवे लागल्यावर तो पाहावा. जागा बदलून समोरच्या भिंतीला लावावा, शेजारी दुसऱ्या रंगाचा पुठ्ठा आणावा, आणि पुठ्ठ्याशेजारच्या पांढऱ्या भिंतीवर काय सांडते आहे तेही तपासावे. शक्य असेल तर एक ऋतू जाऊ द्यावा. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत दूरवर येतो, तेव्हा दक्षिणेच्या खोलीतला तांबूस रंग तापलेला वाटेल. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि एरवी दुपारी सावलीत राहणाऱ्या उत्तरेच्या भिंतीवर पाऊस सुरू होण्याआधीचे पंधरा-वीस दिवस भर दुपारी ऊन चाटून जाते. उत्तरेच्या बाल्कनीसाठी निवडलेला रंग त्या दिवसांत कसा दिसतो ते पाहून मगच रंगाऱ्याला बोलवावे.